खालचा कांदा

‘अव्हेलेबल आहे का?’ एवढंच विचारणाऱ्या माणसाला आमचे घरमालक काका उत्तर म्हणून उलटा प्रश्न पाठवायचे. ‘ठेवणार कुठे?’

बस. ना नमस्कार, ना किंमत, ना फोटो. बहुतेक मंडळी तिथंच गळायची. काही जण चिडून लिहायचे, ‘तुम्हाला काय करायचंय?’ त्यांना काका अगदी खुशीत ब्लॉक करायचे. पण एखादा लिहायचा, ‘हॉलमध्ये, खिडकीखाली. साडेचार फूट जागा आहे, बसेल का?’ की काका खुर्चीत ताठ व्हायचे, चष्मा चढवायचे आणि जिन्याकडे तोंड करून मला हाक मारायचे, “ए पोरी, खाली ये गं! माणूस सापडला!”

मी जायचेच. मला दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची खोड आहे, लपवून काय उपयोग? नाशिकला सिडकोत त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही नवराबायको चार वर्षं भाड्यानं राहिलो. नवरा फिरतीवर, मी अंबडच्या एका कारखान्यात ऑफिसात. संध्याकाळी घरी आलं की वर जाण्याआधी काकांच्या ओट्यावर दहा मिनिटं टेकायचं, हा माझा नेम. त्या दहा मिनिटांचा तास कधी व्हायचा ते कळायचं नाही.

काकांचा धंदा नव्हता हं हा. गल्लीतल्या कुणालाही जुनी वस्तू काढायची असली की तो काकांकडे यायचा. कपाट, सायकल, मुलांचा पाळणा, काय वाटेल ते. काका जुन्या वस्तूंच्या ॲपवर टाकायचे, माणूस पारखायचे, वस्तू जायची. एक पैसा घ्यायचे नाहीत. वर वस्तू न्यायला आलेल्याला पाणी द्यायचे आणि जिना उतरताना “डावीकडं घ्या, डावीकडं!” म्हणून स्वतःच ओरडायचे.

आयुष्यभर त्यांनी लासलगावला कांद्याच्या लिलावात बोली पुकारली. ट्रॅक्टरच्या रांगा, पुढं हे, मागं व्यापाऱ्यांचा घोळका. निवृत्त होऊन सिडकोत आले तरी आवाज लिलावाचाच राहिला. दूधवाल्याला हाक मारली तरी अख्खी गल्ली दाराबाहेर. आणि शर्ट! स्वच्छ पांढरा, कडक इस्त्रीचा, पण वरून दुसरं बटण कायम गायब, त्या जागी सेफ्टीपिन. सगळ्या शर्टांना. मी पहिल्याच आठवड्यात हे हेरलं होतं, पण विचारायचं कसं?

माझी त्यांची खरी ओळख फ्रिजपायी झाली. आम्ही नवा फ्रिज घेतला आणि जुना विकायला मी मोठ्या उत्साहानं जाहिरात टाकली, ‘उत्तम स्थितीतील फ्रिज, एकदम नव्यासारखा.’ तीन दिवसांत डोक्याला नुसता ताप झाला. ‘हाय.’ ‘लास्ट किती?’ ‘अजून फोटो पाठवा.’ फोटो पाठवले की ‘आतले पाठवा.’ आतले पाठवले की गडप. एका पठ्ठ्यानं विचारलं, बदल्यात कुत्रा चालेल का? जातिवंत आहे म्हणे. मी जिन्यातच फोनवर ओरडले, “अहो, कुत्र्यात मी दूध ठेवू का?”

काका खाली पोट धरून हसत होते. मग म्हणाले, “पोरी, चूक त्यांची नाय. तू खालचा कांदा दाखवलाच नाय.”

“म्हणजे काय?”

“लिलावात ट्रॅक्टरवरचा वरचा थर समद्यांचाच चांगला असतो. जो बघ्या असतो ना, तो वरचाच कांदा उचलून ‘वा, झकास माल’ म्हणतो अन् पुढं जातो. ज्याला घ्यायचाय, तो गप राहतो. कोपरापर्यंत हात आत घालतो अन् खालचा कांदा काढतो. दाबतो, वास घेतो. त्याच्या तोंडावर कधी हसू नसतं. बोली त्याचीच.”

मग त्यांनी माझी जाहिरात पुसून स्वतः लिहिली. मी शेजारी बसून लाजेनं अर्धी झाले. ‘फ्रिज जुना आहे. दार लावताना गुडघ्यानं ढकलावं लागतं. वरच्या खणात बर्फ जास्त धरतो. आवाज करतो, पण झोप मोडत नाही.’

“काका, कोण घेणार असला फ्रिज?”

“ज्याला पायजे तो.”

संध्याकाळी एका बाईचा मेसेज आला. त्या घरून डबे द्यायच्या. ‘बर्फ जास्त म्हणजे किती? आणि तुमचा जिना किती रुंद आहे?’ काकांनी मांडीवर थाप मारली. “जिना विचारला! अगं, तिनं मनातल्या मनात फ्रिज उचलला पण!” दुसऱ्या दिवशी बाई गाठी मारलेली सुतळी घेऊन हजर. एक गाठ फ्रिजच्या उंचीची, एक तिच्या स्वयंपाकघरातल्या कोपऱ्याची. दार तिनं दोनदा गुडघ्यानं ढकलून पाहिलं आणि म्हणाली, “जमेल.” अर्ध्या तासात फ्रिज छोटा हत्ती टेम्पोत चढला होता.

तेव्हापासून मी त्यांची शिष्या झाले, म्हणजे माझी मीच. काही गोष्टी पाठ झाल्या. भरमसाट कौतुक करणारा घेत नाही. ‘शनिवार-रविवार बघतो’ म्हणणारा कुठलाच वार बघत नाही. येण्याआधी रस्ता विचारणारा येतो, नुसतं ‘लोकेशन टाका’ म्हणणारा घरी पलंगावर लोळत असतो. नवरा-बायको दोघं आली आणि बायको गप्प असली, तर किंमत नवऱ्याला सांगायचीच नाही, आधी बायकोला पाणी द्यायचं. आणि ‘लास्ट किती?’ हा शब्द काकांच्या घरात शिवीच होती. त्यांच्या मते वस्तू न बघता शेवटची किंमत विचारणं म्हणजे मुलगी न बघता लग्नाची तारीख विचारणं.

एकदा तर कमालच झाली. समोरच्यांचा सोफा काकांनी टाकला होता. फोन आला, पलीकडून अस्सल रुबाबदार हिंदी. मी आर्मीत आहे, पोस्टिंग झालंय, सोफा बघायची गरज नाही, पैसे आत्ता पाठवतो, फक्त एक कोड येईल तो स्कॅन करा. मी हातवारे करून “काका, ठेवा, ठेवा फोन” म्हणतेय, तर काका शांतपणे म्हणाले, “ठीक हाय साहब. लेकिन आपके कमरे का माप क्या हाय?”

“अंकल, माप छोडिए, आप कोड स्कॅन कीजिए.”

“ऐसा कैसा छोडेगा? सात फूट का सोफा हाय. तुम्हारा दरवाजा अंदर खुलता की बाहर?”

पाऊण तास चाललं हे. काकांनी त्या माणसाला भिंतीला टेकून उभं राहून पावलं मोजायला लावली. कव्हर धुवायला कोण, घरात मांजर हाय का, सगळं विचारलं. शेवटी पलीकडचा भामटा कळवळून म्हणाला, “अंकल, मुझे नहीं चाहिए आपका सोफा!” काकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “बघ. टाइमपास होता.”

एवढा पारखी माणूस. मग मला एक कोडं सुटत नव्हतं, की हा माणूस दर रविवारी जातो कुठे?

रविवारी सकाळी आंघोळ, सेफ्टीपिनवाला शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत एक छोटी बॅटरी आणि फडकं. दुपारी परत. चेहरा उतरलेला. कधी पाथर्डी फाट्याकडून, कधी नाशिकरोडहून, एकदा तर पार सिन्नरहून आले. विचारलं तर म्हणायचे, “असंच, एक काम व्हतं.” काकूंना विचारलं तर त्या म्हणायच्या, “मला काय ठाऊक?” आणि भाजी निवडायला लागायच्या.

काकू मूळच्या नांदगावच्या. कमी बोलायच्या, पण बोलल्या की दाराला कडी लावल्यासारखं पक्कं. त्यांच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी एक नवीकोरी शिलाई मशीन होती, मोटरवाली. वर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरावर मनीप्लांटची कुंडी. तोवर मी त्या मशीनची सुई चालताना कधी पाहिली नव्हती. बरं, गल्लीतल्या बायका तर सांगायच्या की काकूंसारखा ब्लाऊज सिडकोत कुणी शिवत नव्हतं, मी राहत होते तो वरचा मजलाच मुळी त्यांच्या शिलाईतून चढलेला. आणि ह्याच काकू काकांचं बटण लावायला शर्ट कोपऱ्यावरच्या टेलरकडे पाठवा म्हणायच्या! काका पाठवायचे नाहीत, पिन लावायचे.

हे कोडं फुटलं ऑफिसात. डबा खाताना माझ्या शेजारची मैत्रीण वैतागून सांगत होती. नाशिकरोडला तिच्या आईची जुनी पायमशीन त्यांनी विकायला टाकली होती. “काल एक म्हातारा आला गं. आधी फोनवर इतके बारीक प्रश्न, आम्हाला वाटलं घेतोच आता. आला, बॅटरी काढली, मशीनचं डोकं मागं कलंडवलं, खाली वाकून बघितलं आणि म्हणतो, ‘ही नाय.’ चहा पिऊन गेला. शर्टाला पिन लावलेली. एक नंबरचा टाइमपास!”

माझा घास तसाच राहिला.

संध्याकाळी मी ओट्यावर टेकलेच नाही, सरळ समोर उभी राहिले. “काका, काल नाशिकरोडला मशीन बघायला कशाला गेला होतात?”

काकांनी आधी आत स्वयंपाकघराकडे बघितलं. मग मला हातानं ‘चल’ म्हणून खूण केली आणि आम्ही कोपऱ्यावरच्या दत्तमंदिरापर्यंत चालत गेलो. तिथं कट्ट्यावर बसून ते जे बोलले ते लिलावाच्या आवाजात नव्हतं.

मी राहायला येण्याआधीची गोष्ट. काकूंचे गुडघे दुखायला लागले होते. पायमशीन मारवेना, म्हणून चार महिने ती बंद होती. काकू भाचीच्या बाळंतपणाला महिनाभर नांदगावला गेल्या. काकांच्या डोक्यात आलं, ही जुनी काढू, मोटरची आणू, परत आली की खूश होईल. टाकली जाहिरात. खालचा कांदा सगळा लिहिला, ‘मशीन तीस वर्षं वापरलेली आहे. टीप जरा डावीकडं ओढते.’

“अन् काय गिऱ्हाईक आलं गं पोरी! तरुण मास्तर. बायकोसाठी पायजे व्हती. मला विचारतो, टीप डावीकडं ओढते तर कापड उजव्या हातानं धरायचं का? माप घेऊन आला, तेलाची बाटली घेऊन आला. उभ्या जन्मात मी असं गिऱ्हाईक नाय पाहिलं. माझं मनच भरलं. देऊन टाकली.”

“आणि काकू?”

“आली. खिडकीखाली फरशीवर चार पायांचे चार डाग. बघत राहिली. मग मला म्हणली, ‘गिऱ्हाईक चांगलं होतं का?’ अन् मी गाढव! मी तिला समदं रंगवून सांगितलं. त्यानं हे विचारलं, त्यानं ते विचारलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणली, ‘बरं झालं.’ अन् पाणी भरायला गेली.” काकांनी सेफ्टीपिनवर बोट ठेवलं. “तवापासून सुई हातात नाय धरली तिनं.”

भांडली असती तर बरं झालं असतं, ते म्हणाले. मला त्यांचा रागही आला आणि कीवही. अहो, अख्ख्या जगाला ‘ठेवणार कुठे’ विचारणारा माणूस, ह्यानं घरातल्या बाईला एक फोन करून विचारलं नाही!

काकांनी मशीन परत मागायला फोन केला तोवर मास्तरची बदली झाली होती, त्यानं मशीन बाजारात कुणाला तरी दिली होती, आणि मग त्याचा नंबरही बंद. तेव्हापासून जिल्ह्यात कुठेही काळी पायमशीन विकायला निघाली की काका जायचे. सगळ्या दिसायला सारख्याच. पण दुरुस्तीला टाकली की दुकानात अदलाबदल होते म्हणून काकूंनी फार पूर्वी मशीनच्या पोटाखाली नेलपेंटचे तीन लाल ठिपके दिले होते. ते बघायला ती बॅटरी.

त्यानंतर एका दुपारी मला ऑफिसात काकांचा फोन. म्हणाले, “हरसूलची जाहिरात हाय. वाच.” मी वाचली. ‘शिलाई मशीन विकणे आहे. चांगली चालते. टीप जरा डावीकडं ओढते.’

“पोरी, हे वाक्य माझं हाय गं.”

मी सुट्टी टाकली. बाईमाणूस बरोबर असलं की घरातलं बोलणं नीट होतं, असं त्यांचं म्हणणं. खरं तर चल म्हटलं नसतं तरी मी गेलेच असते. काकांनी पैसे पाकिटात घालून आतल्या खिशाला पिन लावली. एसटीनं त्र्यंबक, पुढं घाट, आणि हरसूलला उतरलो तर बाजाराचा दिवस. नागली, सुकी मासळी, बांबूच्या टोपल्या, माणसांतून वाट काढत गेलो. बाजार संपतो तिथंच घर होतं. ओट्यावर मशीन. मशीनवर एक तिशीतली बाई, पाय चाललेले, मान खाली. ओट्याच्या कडेला तीन बाया आपापलं कापड मांडीवर घेऊन बसलेल्या.

नवरा लगबगीनं पुढं आला. “या, या. बघा, चालूच आहे मशीन.” मग बायकोला, “ऊठ गं जरा, पाहुण्यांना बघू दे.”

बाईनं चाकावर हात ठेवून मशीन थांबवली. “काय बघायचंय?”

“घेणारे आहेत ते.”

तिला काहीच माहीत नव्हतं. ते मला तिच्या तोंडावर लख्ख दिसलं. नवरा वाईट नव्हता हो. हसत हसत सांगत होता, “हिचे पाय दुखतात. म्हटलं ही काढू, पैशे जमले का मोटरची घेऊ.” बाईनं नवऱ्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग सुईखालच्या कापडाकडे बघत एवढंच म्हणाली, “हा ब्लाऊज तेवढा होऊ द्या. ती लय लांबून चालत आलीय.”

आणि उठून उभी राहिली.

काकांनी बॅटरी काढली. मशीनचं डोकं मी मागं कलंडवलं. खाली काळं तेल, धूळ, दोऱ्याचे तुकडे. काकांनी फडक्यानं पुसलं. लाल ठिपका. दुसरा. तिसरा अर्धा खरवडलेला.

मी काकांच्या दंडाला धरलं. मला वाटलं, आता हा माणूस इथंच रडणार. पैसे खिशात, मशीन समोर, तीन वर्षांचे रविवार. द्यायचे आणि उचलायची. बाजारात जीप उभ्याच होत्या.

काकांनी डोकं सावकाश जागेवर बसवलं. त्या बाईकडे पाहिलं. मग एकदम सरळ झाले आणि नवऱ्याला, चांगल्या लिलावाच्या आवाजात, म्हणाले, “लास्ट किती?”

मी उडालेच.

त्यानं किंमत सांगितली. काका म्हणाले, “निम्म्यात देता का?” तो नाही म्हणाला. “फोटोत जरा मोठी दिसत व्हती. काळी सोडून दुसऱ्या रंगात नाय का? घरपोच देणार का सिडकोला, फुकट? नाय? बरं, पोराला विचारतो. शनिवार-रविवार बघतो.” काकांना पोरगा नाही. मी तोंडावर पदर धरला, हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

नवऱ्याचा चेहरा पडला. आम्ही ओट्यावरून उतरलो तेव्हा मागून त्याचं पुटपुटणं ऐकू आलं, “टाइमपास म्हातारा.” आणि त्याच्या पाठोपाठ मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज.

बसमध्ये घाट संपेपर्यंत काका आतल्या खिशाची पिन चाचपत राहिले. मग म्हणाले, “चालू व्हती गं. तिच्या पायाखाली चालू व्हती.” थोड्या वेळानं, “पण तो दुसऱ्या कुणाला तरी देईल. खरं गिऱ्हाईक आलं तर?” आणि एकदम माझा फोन मागितला. “तुझ्या नंबरवरून टाक. ‘अव्हेलेबल आहे का?’”

पुढचा आठवडाभर आमच्या गल्लीनं त्या माणसाला जो छळला! काका ओट्यावर बसून मजकूर सांगायचे, आम्ही बायका पाठवायचो. ‘हाय.’ ‘अजून फोटो.’ ‘खालून फोटो.’ ‘बदल्यात सायकल चालेल का?’ कुत्र्याची आठवण मी करून दिली, तीही वापरली. इतकी वर्षं ज्या मेसेजांना काकांनी शिव्या दिल्या, ते सगळे त्यांनी एकेक करून लिहून घेतले, आणि इतके रंगात आले की मला म्हणाले, “ह्याच्यात बी कसब हाय बरं का.” काकू दारातून बघायच्या. विचारायच्या काही नाहीत.

आठव्या दिवशी जाहिरात गायब झाली.

आधी आम्ही टाळ्या पिटल्या. मग काकांचा चेहरा बदलला. “काढून टाकली का विकली?” ॲपवर काही कळत नव्हतं, आणि आम्ही कुणी फोन केला असता तर त्यानं उचलला नसता. काकांना जेवण जाईना. मीच डोकं धरून बसले, त्या पोरीच्या ओट्यावरही चार डागच उरले असतील तर? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी ओट्यावर असतानाच, काका उठून आत गेले आणि काकूंसमोर उभे राहिले.

“मी चुकलो,” ते म्हणाले. “तुला विचारायला पायजे व्हतं. तुझी मशीन सापडली व्हती, मी नाय आणली.”

काकूंनी गॅस बारीक केला. “तीन वर्षं रविवारी कुठे जाता, ते मला कळत नव्हतं होय? बॅटरीचे सेल मीच बदलायची.” मग थांबून, “का नाही आणली?”

काकांनी सगळं सांगितलं. ब्लाऊज, लांबून आलेली बाई, मोटरची घेऊ म्हणणारा नवरा. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. ‘बरं झालं’ म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “हरसूलचा बाजार कधी असतो?”

आम्हाला कुणालाही त्यांनी बरोबर घेतलं नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी, एक जांभळा ब्लाऊजपीस पिशवीत घालून, त्या एकट्या एसटीत बसल्या. तो दिवस काकांनी ओट्यावरून गल्लीच्या तोंडापर्यंत फेऱ्या मारून काढला. मी ऑफिसातून लवकर आले. साडेपाचला काकू रिक्षातून उतरल्या, आत आल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि पिशवीतून शिवलेला ब्लाऊज काढून काकांच्या हातात दिला.

“टीप बघा.”

काकांनी चष्मा लावला. खांद्यापासून काखेपर्यंत टीप सरळ येत होती, आणि खाली सूतभर डावीकडे सरकली होती.

“तिथंच आहे,” काकू म्हणाल्या. “चार बाया रांगेत होत्या. माझा नंबर पाचवा.”

“तिला सांगितलं का काही?” मी विचारलं. न विचारून कसं चालेल?

“कशाला? मी म्हटलं, पोरी, कापड उजव्या हातानं जरा धरत जा. ती म्हणाली, मावशी, तुम्हाला कसं कळलं? म्हटलं, आमच्याकडे अशीच होती.” काकू पहिल्यांदा हसल्या. “हात चांगला आहे तिचा. फक्त बाही घाईनं लावली. चार जणींचं काम होतं बिचारीला.”

काकांनी डोळे पुसले, उघड उघड, माझ्यासमोर. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या खिडकीपाशी गेल्या, मनीप्लांटची कुंडी उचलून माझ्या हातात दिली, प्लास्टिकचं कव्हर काढलं, झटकलं. मोटरचं बटण शोधायला त्यांना वेळ लागला. मग बाहीची टीप उसवली आणि ती नव्या मशीनवर मारायला बसल्या. मशीन घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली.

“लय पळते ही,” काकू पुटपुटल्या. मग मागे न बघता हात पुढं केला. “तो शर्ट काढा इकडं.”

काका पिन काढू लागले. पिन काही लवकर निघेना. शेवटी शर्ट काकूंच्या हातात गेला, तेवढ्यात काकांचा फोन वाजला, कुणाच्या तरी कपाटासाठी, ‘अव्हेलेबल आहे का?’ बनियनवर बसलेल्या काकांनी तो माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “सांग त्याला, आज नाय.”